उलटी केलेली बरणी

आमच्या आत्याला अन्न वाया गेलेलं खपत नसे, असं माझ्या माहेरी अजून कौतुकानं सांगतात. ऐकलं की माझ्या अंगाची आग होते.

मोठी लढाई नुकतीच संपली होती. महागाईचे दिवस. दहिवलीजवळच्या आमच्या घरात कोठीची किल्ली विधवा आत्याकडे असे. उन्हाळा लागला की ती आम्हा मुलांना लोणच्याला जुंपायची. कैऱ्या धुवा, पुसा, कोयी काढा. चिकानं बोटं सोलवटायची. "कष्टाचं अन्न आहे. एक फोड वाया गेली तर रात्री जेवण नाही," म्हणायची. एकदा मी खरंच उपाशी झोपले होते.

कैऱ्या आणायची डोंगराखालच्या वाडीवरची ठाकराची पोर. माझ्याच वयाची, दहा-अकराची. अंगणाच्या कडेला पाटी उतरवून ठेवायची. आत्या लांबून पाणी ओतून कैऱ्या घ्यायची आणि मला म्हणायची, "बघ तिच्याकडे. कष्ट कसे करावेत ते शीक."

त्या दुपारी मीठ लावलेल्या फोडींची मोठी बरणी तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवली होती. राखणीला मी. एवढ्यात कालवड दावं तोडून उधळली ती थेट बरणीच्या रोखानं. मी नुसती ओरडले. ती पोर मात्र पाटी टाकून धावली, बरणी कवेत उचलली आणि ओट्याच्या पायरीवर नेऊन ठेवली.

"वाचली गं बाय!" ती हसत म्हणाली.

आत्या दारातच उभी होती. "शिवलीस?"

"कालवड आलती, आत्याबाय. फुटली असती."

"फुटली असती तर बरं झालं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जा, न्हाणीमागच्या खड्ड्यात ओतून ये."

"तिला तरी दे. वाडीवर नेईल."

"आज दिलं तर उद्या मुद्दाम शिवतील."

"मी नाही ओतणार! एका फोडीसाठी मला उपाशी ठेवलंस ना?"

खाडकन थोबाडीत बसली. बाबा ओटीवर सुपारी कातरत होते. त्यांनी मानही वर केली नाही. आई आत निघून गेली.

शेवटी आत्यानं त्या पोरीलाच सांगितलं, "तू शिवलीस, तूच ओत." तिनं बरणी उलटी केली. तळाशी चिकटलेल्या फोडीही तिला हातानं खरवडून काढायला लावल्या. मग ती पाटी उचलून गेली. त्यानंतर आमच्याकडे कधी आली नाही. वर्षभर मी लोणच्याला बोट लावलं नाही.

लग्नानंतर माहेरी आले असताना कर्जतच्या बाजारात ती दिसली. आंबोशी विकत होती. तिनंच मला आधी ओळखलं.

"बाय, पिशवी उघडून धर. मी वरनं टाकते."

"हातात दे गं."

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि तरी वरूनच टाकली.

आत्या तेव्हा अंथरुणाला खिळली होती. घरी येऊन मी तिला हे सांगितलं.

"शहाणी झाली पोर," ती समाधानानं म्हणाली.

मी पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवला आणि बाहेर निघून आले. त्या क्षणी माझ्या तोंडी जे आलं होतं, ते आज ती नसतानाही मला कागदावर उतरवता येत नाही.