शोकाकुलांत झाकलेलं नाव

आपल्याकडे श्रद्धांजलीची जाहिरात लोक खालून वर वाचतात. गेलेल्याचा फोटो नंतर. आधी ‘शोकाकुल’खाली कोण आहे आणि कोणाला गाळलं, ते. मीही त्यातलाच, सोवळेपणा कशाला? कळवणच्या कारभारीदादांच्या यादीत थोरली लेक संजना नाही, ही बातमी मी पहिला चहा पोटात जायच्या आत चार घरी पोचवली होती.

संजनाने एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या मनोजशी आपल्या मनाने लग्न केलं. वडील बोलेनासे झाले आणि तसेच गेले. यादी केली भाऊ हर्षलने. आठ वर्षांनी आई लताबाई गेली; हिला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही भाजीवालीकडून. त्याही यादीत ही नव्हती. त्या घराने आपल्याला खरंच पुसून टाकलं का, हा एकच काटा तिच्या मनात होता.

बाई नाशिकरोडला घरी बसून कॉम्प्युटरची कामं करते. तीन वर्षांपूर्वी, या जाहिराती जिथे येतात त्याच साप्ताहिकाची जुनी वेबसाइट नव्या जागी हलवायचं काम हिच्याकडे आलं. पानामागे मजकूर सुटा नसतो म्हणे, टोकदार कंसांतल्या खुणांमध्ये अडकलेला असतो. हे ठळक, हे लाल, इथे फोटो. हिने पायथनमध्ये दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली: कंसातलं सगळं फेकायचं, उरेल ते वहीत उतरवल्यासारखं फाइलीत घ्यायचं. डाळ निवडतात तसं, असं तिने मला समजावलं. मी म्हटलं, बाई, खडे माझ्याकडे पाठव, मला त्यातच गोडी.

भर दुपारी वडिलांचं पान आलं. शोकाकुल: लताबाई (पत्नी), हर्षल (मुलगा), उज्वला (सून), संजना (मुलगी).

तिने तेच पान ब्राउझरमध्ये उघडलं. नाव नाही. पुन्हा स्क्रिप्ट चालवली. नाव आहे. मेलेल्याच्या पानावर जिवंत बाईचं भूत! पानामागचा कोड पाहिला तेव्हा उलगडा झाला. नावाला ‘दाखवू नको’ अशी खूण होती. ब्राउझर ती पाळायचा. हिच्या घाईच्या स्क्रिप्टने खूण फेकली आणि नाव ठेवलं.

मग पुण्यस्मरणाची पानं निघाली, आणि प्रत्येकात ती झाकलेली. गेल्या वर्षीचं पान उतरवून नुसता आकडा बदलत असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण चौथ्या पुण्यस्मरणात तिच्या नावापुढे आलं: तेजल (नात). संजनाची तेजल त्याच वर्षी जन्मली होती. उतरवलेल्या पानात नवं बाळ कुठून येणार?

तिने साप्ताहिकात टाइप करणाऱ्या आशाताईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, आई दर वर्षी कळवणहून एसटीने यायची, पदराला बांधलेली चिठ्ठी द्यायची. मागून हर्षलचा फोन यायचा, ते नाव नको. आशाताईंनी म्हातारीला आपली अडचण सांगितली, तर ती म्हणाली, “नाय दिसलं तरी चालंल बाई. पण राहू दे.”

संजनाने आईच्या श्रद्धांजलीचं पान तीनदा स्क्रिप्टमधून काढलं. त्यात काही लपलेलं नव्हतं. चिठ्ठी आणणारीच गेली होती.

साप्ताहिकाला जुन्या पानावर दिसायचं तेवढंच हवं होतं. हिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली आणि आठ वर्षांचं आपलं नाव आपल्याच हाताने घालवलं. जुनी पानं मात्र घरी ठेवून घेतली.

त्या वर्षी आईच्या पुण्यस्मरणाला एकाखाली एक दोन जाहिराती झळकल्या. वरची हर्षलची, भरगच्च. खालची, शोकाकुल: संजना, तेजल. कळवणला पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता; माझाही हातभार लागला. हर्षलने ना तक्रार केली, ना फोन.

तेव्हापासून दर वर्षी हर्षलची जाहिरात आली की ही ती आपल्या पहिल्या, अडाणी स्क्रिप्टमधून काढते. अजून काही निघालेलं नाही. मी एकदा म्हटलं, पुरे की आता, किती उकरशील?

ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “काका, आईनं ठेवलेलं तरी मला आठ वर्षं कुठं दिसलं होतं?”