मिशीवाला जर्मन आणि राउंडअबाउट

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये मला ड्रायव्हिंग शिकवणारे गृहस्थ साठीचे, मूळ नागपूरचे. त्यांचा पाय कायम त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेल्या मला त्यांनी पहिल्याच राउंडअबाउटला, म्हणजे वळसा घालून जायच्या गोल चौकाला, थांबवलं. "गॅप दिसली की घुसायचं, हे इथे चालत नाही." त्याच सवयीपायी मी दोनदा टेस्ट फेल झालो.

डॅशबोर्डवर झुपकेदार मिशीवाल्या माणसाचा फोटो होता. मला वाटलं, वडील असतील.

"जर्मन तत्त्वज्ञ," ते म्हणाले. "देव मेला म्हणाला, म्हणून लोक चिडले. पुढे वेड लागलं. लिखाण बहिणीच्या ताब्यात गेलं, तिने नको त्या लोकांना वापरू दिलं. मिरर बघा."

मी मिरर बघितला.

"तो विचारतो, हेच आयुष्य जसंच्या तसं पुन्हा पुन्हा जगावं लागलं, तर हो म्हणाल का?"

"फेल झालेल्या टेस्टसकट?"

"सगळ्यासकट. इंडिकेटर द्या."

तिसऱ्या टेस्टच्या सकाळी मी त्यांनाच विचारलं, "सर, तुम्ही म्हणाल हो?"

"मुलगी दोन वर्षांची असताना तिला आजीकडे ठेवून इथे आलो. पाच वर्षांनी एअरपोर्टवर घ्यायला गेलो, तर मला काका म्हणाली." त्यांनी फोटोकडे बघितलं. "ह्याला मूलबाळ नव्हतं."

पुढे राउंडअबाउट आला. कुठे बाहेर पडायचं ते सांगायला ते विसरले. मीही विचारलं नाही. पूर्ण वळसा घालून आम्ही पुन्हा तिथेच आलो.