सकिनाआपांची खुशाली

१९९४ साली मी महाडला एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक म्हणजे सातबाराचे उतारे, एमआयडीसीत अर्ज करणाऱ्यांच्या मार्कशीटा आणि आखातात निघालेल्यांचे पासपोर्ट. दुसऱ्याच महिन्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आली. पस्तिशीची असेल. तिनं पिशवीतून लीगल साइजचा एक कागद काढला, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेला, आणि तीस प्रती मागितल्या. हे काय आहे, असं मी विचारलं.

"चिठ्ठी हाय," ती म्हणाली. "तीस जणांना एकच."

ती सकिनाआपा. महाडच्याच मोहल्ल्यात राहायच्या, मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांचे यजमान अब्बास सौदीत दम्मामला क्रेन चालवत. एका खोलीत महाडचेच अकरा जण होते, आणि घरून कुणाचंही पत्र आलं की सगळ्यांत वाचलं जाई. तेव्हा अब्बासभाईंनी लिहिलं की, तू लिहितेसच तर सगळ्यांच्या घरचं लिही. आपांनी लिहिलं. आधी कार्बन घालून चार प्रती काढायच्या, पुढे माणसं वाढली तशा माझ्याकडे आल्या. कागद मधोमध दुमडला की चार पानं व्हायची. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नाव, 'खुशाली'. आत कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या घरावर स्लॅब टाकला, सावित्री नदीला पाणी किती आलं, मदरशाला नवा मौलवी कोण. शेवटच्या पानावर घराघराची एकेक ओळ. दर दोन महिन्यांनी अंक निघायचा. कामावर परत निघालेला कुणीतरी बॅगेत घालून न्यायचा, आणि तिथं पोचल्यावर त्याच्या आणखी झेरॉक्स निघून जुबैल, रियाधपर्यंत जायच्या.

मला त्या कामाचा मनापासून कंटाळा यायचा. एक बाजू छापली की कागद गरम असतो, लगेच दुसऱ्या बाजूला घातला तर मशीनमध्ये अडकतो. म्हणून थांबायचं. त्या थांबण्यात आमची ओळख वाढली.

१९९८च्या फेब्रुवारीत शोएबची आई वारली. शोएब त्याच खोलीतला, उंच टाक्यांवर वेल्डिंग करणारा. एकुलता मुलगा. त्याचे वडील आपांकडे आले आणि म्हणाले की, इतक्यात त्याला कळवायचं नाही. वर्षभर तरी त्याला सुटी मिळणार नाही, आणि तो उंचावर काम करतो. हात थरथरला तर काय करायचं? बहीण बुशरा पत्रांत सांभाळून घेईल, फक्त 'खुशाली'त यायला नको. आपांनी मान हलवली. तो अंक मी छापला, त्यात मोहल्ल्यातली ती मयत नव्हती. शेवटच्या पानावर नेहमीसारखी ओळ होती : शोएबच्या घरी सर्व खुशाल.

पुढच्या अंकातही होती. त्याच्या पुढच्याही.

शोएब १९९९च्या जूनमध्ये आला. घरी पोचला त्याच्या तिसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात शिरला, कारण आपा तिथं अंक छापायला बसल्यात हे त्याला बुशरानं सांगितलं होतं. त्याच्या हातात घड्या घातलेले आठ अंक होते. त्यानं आवाज चढवला नाही. पहिला अंक काउंटरवर उलगडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आपा, ही ओळ लिहिलीस तेव्हा अम्मीला जाऊन किती दिवस झालेले?"

"अकरा," आपा म्हणाल्या.

त्यानं दुसरा अंक उलगडला. आपांनी सांगितलं, दोन महिने. तिसरा उलगडला, चार महिने. आठही अंक त्यानं असे उलगडले आणि आपांनी आठही वेळा उत्तर दिलं, एकदाही वडिलांचं नाव पुढे केलं नाही. मी मशीनचं झाकण उघडून उगाच आत बघत राहिले.

"घरची पत्रं मी मानत नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "घरचे लपवतातच. तुझ्या कागदात नाय म्हंजे झालं नाय, असं मी समजत होतो."

अंक तिथंच टाकून तो गेला. त्या दिवशी आपांनी छापायला आणलेला कागद परत पिशवीत घातला.

महिनाभर त्या आल्या नाहीत. नंतर कळलं की त्या घरोघर जात होत्या, प्रत्येकाला एकच सांगत होत्या. यापुढे नसलेली खुशाली मी लिहिणार नाय. घरात जे असेल ते लिहीन. लिहायचं नसेल तर तुमच्या घराची ओळच घालणार नाय, पण खोटी घालणार नाय. बरीच भांडणं झाली. एकीनं दारातून आत घेतलं नाही. शोएबच्या वडिलांनी तर बोलणंच टाकलं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत पाळलं. चाळीस घरांपैकी एकोणीस उरली.

नव्या अंकाच्या पहिल्या पानावर शोएबच्या आईची मयत होती, खऱ्या तारखेसह. खाली आपांनी लिहिलं होतं की ही बातमी सोळा महिने दडवली, ती मी दडवली. शेवटच्या पानावर एकोणीस ओळी होत्या. कुणाचा मुलगा नापास झाला होता, कुणाच्या सासूला दिसेनासं झालं होतं. सर्वांत खाली त्यांच्या स्वतःच्या घराची ओळ : सकिनाचे गुडघे दुखतात, झोप लागत नाही, एकटं राहायचा कंटाळा आला आहे.

छापण्याआधी मी त्यांना विचारलं, "आपा, हे अकरा जणांत वाचलं जाणार. घालायचं?"

"माझीच ओळ खोटी ठेवू का, सारिका?"

माझ्या दुकानात एसटीडीचा फोन होता. तीन आठवड्यांनी त्यावर अब्बासभाईंचा फोन आला, मी माणूस पाठवून आपांना बोलावून घेतलं. पलीकडून ते पुष्कळ बोलले. खोलीत मान वर करायची सोय ठेवली नाहीस, असं काहीतरी असावं. आपा ऐकत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "खोटं असेल तर सांगा, पुढच्या अंकात दुरुस्ती देते." फोन तिकडून ठेवला गेला.

चार महिने त्यांचं पत्र नव्हतं. मग सुटीवर आलेल्या एकानं एक चिठ्ठी आणून दिली. आपांनी ती मला वाचायला दिली. दोनच ओळी होत्या. खोलीत अब्बासही खुशाल नाय, पाठ धरली आहे, रविवार-सोमवार कळेनासे झालेत. छापायचं तर छाप.

त्यांनी ती छापली. त्यानंतर तिकडून इतरांच्या ओळी यायला लागल्या. कुणाच्या मालकानं पासपोर्ट अडकवला होता, कुणी आजार लपवला होता. तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे असा 'खुशाली'चा प्रवास सुरू झाला, सोडून गेलेली घरंही काही परत आली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की आपांचं चांगलं झालं. पण प्रत्येक ओळ आधी त्यांच्या कानात पडायची. बायका दुपारच्या येऊन बसायच्या, रडायच्या, आणि हे लिही, हे मात्र लिहू नको, असं सांगून हलक्या होऊन जायच्या. दोन हजार दोनच्या सुमारास त्या मला म्हणाल्या की, अंक लिहून झाला की मला ताप येतो. खरोखरच येत असे. मी बंद करा म्हटलं. शोएब वाट बघत असेल, म्हणाल्या. तो परत दम्मामला गेला होता. त्यानं कधी कळवलं नव्हतं, पण अंक घेत होता एवढं त्यांना माहीत होतं.

मग मोबाइल आले. दर शुक्रवारी घराघरांत फोन येऊ लागला, आणि पानं कमी झाली, चाराची दोन.

२००५च्या जुलैत पूर आला. माझ्या दुकानात छतापर्यंत पाणी गेलं, मशीन चिखलात बसली. फोन बंद, लाइट नाही, आजूबाजूच्या गावांत डोंगर घसरलेले. चौथ्या दिवशी मी घमेल्यानं चिखल काढत होते तेव्हा आपा कोरा कागद मागायला आल्या. माझ्याकडे सुका कागद उरला नव्हता. त्यांनी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाकडून तरी शाळेची वही मिळवली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चिखलातून घर न् घर फिरल्या. प्रत्येक घराची ओळ लिहिली : माणसं किती, ती कुठं आहेत, काय वाहून गेलं. पोलादपूरचा रस्ता सुटल्यावर एका ट्रकमध्ये बसून तिकडे गेल्या, झेरॉक्स काढून आणल्या आणि निघणाऱ्या पहिल्या माणसाकडे दिल्या.

तो अंक दम्मामला पोचायला तीन आठवडे लागले. तोवर फोन सुरू झाले होते. पुढच्या वर्षी अब्बासभाई कायमचे परत आले, तेव्हा त्यांनी सांगितलं की वाचण्यासारखं त्यात कुणाला काही उरलं नव्हतं.

"नसेलच," आपा म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी अंक काढला नाही, आणि का काढत नाही असं विचारायलाही कुणी आलं नाही.

गेल्या वर्षी, २००८मध्ये, त्यांची भाची अलीशबा कॉलेजच्या प्रकल्पासाठी माहिती घ्यायला त्यांच्या घरी आली. मीही तिथं होते. तिनं सांगितलं की असं स्वतःच लिहून, स्वतःच छापून वाटायचं त्याला अनियतकालिक म्हणतात, ठिकठिकाणी लोकांनी अशी काढली आहेत, सरांना पूर्ण संच ग्रंथालयात ठेवायचा आहे.

"अनियत कसलं गो," आपा म्हणाल्या. "दोन महिने झाले की निघत होतं. ताप असला तरी."

संच त्यांच्याकडे नव्हता, माझ्याकडेही नव्हता. जे होतं ते पुरात गेलं होतं. अलीशबानं विचारलं, तिकडे कुणाकडे असतील का? अब्बासभाई म्हणाले, शोएबच्या ट्रंकेत आहेत, सगळे, इथं टाकून गेला होता ते आठही त्यानं तिकडे परत मिळवले, मी पाहिलेत. ती लगेच त्याचा नंबर मागायला लागली.

आपांनी तिला थांबवलं. त्याच्याकडे आहेत तर त्याच्याकडेच राहू दे, एवढंच म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या. अब्बासभाईंनी त्यांच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली. अलीशबानं वही मिटली. आम्ही दोघी हलकेच बाहेर आलो.