मामीचा शेवाळी रंग

भट्टीचं दार उघडलं की पहिला हात मामीचा. कोपऱ्यातला कप उचलायचा, कानाशी धरायचा आणि नखानं टिचकी मारायची. टण्ण वाजला तर कप 'बोलला'. थप्प वाजला तर तडा. मग मामी कपाला एक शिवी हासडायची आणि भंगाराच्या पाटीत टाकायची.

कपबशांच्या त्या कारखान्यात सगळे तिला मामीच म्हणत. तिच्याहून वयानं मोठा असलेला रखवालदारसुद्धा. खरा भाचा मात्र एकच, तिच्या नणंदेचा मुलगा. आई लवकर गेली, तेव्हापासून तो मामीच्या घरातच वाढला. घरी तो तिला "अगं मामी" म्हणायचा, कारखान्यात "अहो मामी". या अहोवरून बाया त्याची टर उडवत.

"घरी वरणात मीठ कमी पडलं तरी अहोच म्हणतोस का रे?"

"घरी मी बोलतच नाही," भाचा म्हणायचा. "बोलायची वेळच येत नाही."

मामीचं काम भट्टी लावण्याचं. कच्चे कप झिलईच्या पातळ लेपात बुडवून वाळले की ते फळ्यांवर मांडायचे. कपाला कप चिकटला की दोन्ही वाया. मामीचे कप कधी चिकटले नाहीत. भट्टी तेलावर चालायची. शेवटाला हवा कोंडली की आत धूर भरायचा आणि त्या धुरातून कपांवर रंग उतरायचा. सावलीतल्या पाण्यासारखा, शेवाळी. कारखाना ओळखला जायचा तो या रंगानं. धुराड्याखालच्या घरांतली वाळत घातलेली धुणी काळी व्हायची, ती गोष्ट वेगळी.

मग दिवस फिरले. तेलाचा भाव धरला तर चावतो, सोडला तर पळतो, असं होऊन बसलं. आज सांगितलेली किंमत माल निघेपर्यंत तोट्याची ठरायची. दुकानांत कुठून कुठून स्वस्त कप आले. दोन पाळ्यांची एक पाळी झाली. जेवायच्या खोलीतले निम्मे बाक भिंतीला उभे करून ठेवले. त्या बाकांकडे पाठ करून सगळे जेवत.

एक मोठं गिऱ्हाईक उरलं होतं, हॉटेलवाल्यांचं. त्यांनी कळवलं, यापुढे बिनधुराच्या कारखान्यातूनच माल घेऊ. आमचा माणूस येईल, डोळ्यांनी पाहील, मग ठरवू.

मालकीणबाईंनी वडिलांनी बांधलेली भट्टी विझवली. कर्ज काढून विजेची भट्टी आणली. पांढरी, चौकोनी, गप्प. भाचा वायरमन होता, तो तिच्यावर नेमला गेला. मालकीणबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "ही चालली तर आपण चाललो."

नव्या भट्टीतून पहिले कप निघाले तेव्हा मामीनं टिचकी मारली. कप बोलला. पण मामीचं तोंड उतरलं. झिलई तीच, माती तीच, हात तोच. रंग मधासारखा.

"हे काय? चहा सांडून पुसायचा राहिलाय."

"धूर नाही ना आत," भाचा म्हणाला. "धूर नाही तर शेवाळी नाही."

"आणि हॉटेलवाले?"

"नमुना पाठवलाय. उत्तर नाही अजून."

ते उत्तर आलंच नाही. माणूस यायची तारीख मात्र आली. मामीचा जीव टांगणीला लागला. रंग नापसंत होणार, माल परत येणार, कारखान्याला कुलूप लागणार आणि सगळे म्हणणार, नवी भट्टी याच्या हातात होती, यानंच बुडवलं. बोलायला लोकांचं काय जातं? स्वतःचं तिला फारसं वाटत नव्हतं. पण पोरगं आत्ता कुठे ताठ चालायला लागलं होतं.

तिनं मनाशी एक ठरवलं आणि कोणाला सांगितलं नाही.

कप बांधायच्या खोलीत भुशाची पोती असतात. हॉटेलवाल्यांचा पाहुणा यायच्या सकाळी मामीनं पदरात भुसा आणला. सगळ्यात खालच्या फळीवरच्या कपांत तो अंगठ्यानं दाबून दाबून भरला. वर झाकण म्हणून दुसरा कप पालथा, चिकटला तर चिकटला. दाबलेला भुसा सावकाश जळतो, शेवटपर्यंत पुरेल, धूर देईल, असा तिचा हिशोब. भट्टी लावणाऱ्या बाईच्या हाताकडे कोण बघतं? भाच्यानं दार लावलं आणि खटका दाबला.

पाहुणा आला. सडसडीत, हळू बोलणारा. त्यानं बंद धुराडं पाहिलं, भिंतीवर बोट फिरवून काजळी पाहिली. मग नव्या भट्टीपुढे खुर्ची घेऊन बसला. मालकीणबाईंनी त्याच्या हातात चहा दिला, मधाच्या रंगाच्या कपात.

"बरा आहे रंग," तो म्हणाला.

मामीनं चमकून भट्टीकडे पाहिलं. बरा आहे? मग आपण सकाळी काय करून बसलो?

तेवढ्यात दाराच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ निघाली. मग जाडसर. मग भट्टीनं चारी बाजूंनी धूर सोडला. दाबलेल्या भुशाला जेवढा धीर असेल असं मामीला वाटलं होतं, तेवढा त्याला नव्हता. बिनधुराची भट्टी पाहुण्याच्या तोंडावर धुमसत होती.

भाचा पांढराफटक पडला. त्यानं खटका पाडला, मागे जाऊन तारा चाचपल्या, पुढे आला, परत मागे गेला.

"काय जळतंय?" मालकीणबाईंचा आवाज चिरका झाला होता.

"वायरिंगच असेल. जोडणी माझी आहे." त्यानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. "माझंच चुकलं असेल, बाई."

मामी खांबाला टेकून उभी होती. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. भुसा जळून जाणार, दार उघडल्यावर राख झटकायला पहिला हात तिचाच आणि सगळं तारेवर ढकललं की काम झालं. तिनं भाच्याकडे पाहिलं. लहानपणी काच फुटली की तो असाच, चूक नसतानाही मान खाली घालायचा.

"तार नाही ती," मामी म्हणाली. "भुसा आहे. मी भरलाय."

कोणाला काही कळेना.

"कपांत. खालच्या फळीवर. शेवाळी रंग यावा म्हणून." तिचा आवाज बारीक होत गेला. "पोराचा काही दोष नाही."

पाहुण्यानं कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही या भट्टीत धूर घातलात? हाताने?"

"हो."

त्यानं धुराकडे पुन्हा एकदा पाहिलं. थोड्या वेळानं निघून गेला.

भट्टी निवल्यावर दार उघडलं. खालचे कप आतून काळे, झिलईचे पापुद्रे सुटलेले. मामीनं सवयीनं एक उचलला. टिचकी मारली. थप्प.

मालकीणबाई मागे उभ्या होत्या. ओरडतील, असं सगळ्यांना वाटत होतं. त्या एका पालथ्या खोक्यावर बसल्या.

"मामी, घरी मी पण शेवाळीच कप वापरते. बाबांचा रंग तो. मला काय आवडत नाही?" त्यांनी काळा कप हातात घेतला. बोटं काळी झाली. "पण तो धूर होता हो. इतकी वर्षं आपण धूरच विकला. आता कोणी घेत नाही."

मामीनं मान हलवली. डोळ्यांना पदर लावला आणि मग पदर झटकला. त्यात अजून भुसा होता.

मालकीणबाईंनी हॉटेलवाल्यांना झालं ते जसंच्या तसं कळवलं. पुढे बरेच दिवस फोन वाजला की सगळे मान वर करायचे. शेवटी पाहुणा पुन्हा आला. या वेळी भट्टी लावताना तो मामीच्या शेजारीच उभा राहिला.

"आज आत काय काय ठेवलंय?"

"कप," मामी म्हणाली. "आणि माझी अब्रू."

तो हसला. भाच्यानं खटका दाबला. सगळ्यांच्या नजरा दाराच्या फटीवर. फटीतून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यानं स्वतः टिचकी मारून पाहिली, कप बोलला आणि मामीचा जीव भांड्यात पडला.

माल ठरला, पण पूर्वी घेत त्याच्या निम्मा. पाळी एकच राहिली. भिंतीला उभे केलेले बाक तसेच राहिले. पण कुलूप लागलं नाही.

त्या संध्याकाळी मामीनं घरी चहा टाकला. भाच्यापुढे मधाच्या रंगाचा कप ठेवला. स्वतःसाठी फळीवरचा जुना शेवाळी काढला.

"अगं, रंग कसा वाटतो आता? खरं सांग."

मामीनं त्याच्या कपाला टिचकी मारली. चहा भरलेला असूनही तो बारीकसा बोलला.

"आवाज चांगला आहे," ती म्हणाली.

"मग तूही यातच घे की."

"घेईन." तिनं आपला कप दोन्ही हातांत धरला. "हा फुटू दे आधी."