अकरा हात रंगाखालचा नंबर

त्यांना टेपमास्तर हे नाव वर्कशॉपने दिलं होतं. मोटारींना रंग देण्याच्या धंद्यात जिथे रंग नको तिथे आधी कागदी टेप लावतात: काचेच्या रबराला, दाराच्या मुठीला, दिव्यांच्या कडांना. बाकीचे पेंटर हे काम दहा-पंधरा मिनिटांत उरकत. मास्तर दीड तास घेत. बॉनेटखाली लोखंडावर ठोकलेला गाडीचा चॅसी नंबर तर ते दुहेरी टेपने झाकत आणि वरून अंगठ्याने दाबून पाहत. "हा गाडीचा जन्मदाखला," असं म्हणत. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या एकाही गाडीच्या नंबरावर रंगाचा थेंब उडाला नव्हता.

एक गाडी सोडून. ती त्यांची स्वतःची होती, आणि ही गोष्ट उघडकीला आली परक्या राज्यातल्या परिवहन कार्यालयाच्या मागच्या आवारात, एका मंगळवारी, मागे सात गाड्यांची रांग उभी असताना.

मास्तर या राज्यात आले ते मुलीमुळे. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. वर्कशॉपच्या मालकाच्या मुलांनी जागा विकली, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, इकडेच या ना. तिकडे एकटे बसून काय भिंती रंगवणार आहात?" मास्तरांनी डिकीत कॉम्प्रेसर, स्प्रे गन आणि दोन बॅगा टाकल्या आणि दोन दिवस गाडी चालवत आले. चार महिने बरे गेले. मग मुलीच्या कंपनीने तिला तिसऱ्याच राज्यात धाडलं. तिथे तिला एका खोलीत आणखी एका मुलीबरोबर राहायचं होतं. "दीड वर्षाचाच प्रश्न आहे," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "जा. माझं काय, मी बघतो."

त्यांनी शहराच्या कडेला एका बैठ्या घराच्या मागची खोली घेतली. शेजारी पत्र्याची शेड होती, तिथे गाडी राहायची. घरमालकीणबाई पुढच्या बाजूला एकट्या राहत. दोघांमध्ये रोजचं संभाषण एकाच वाक्याचं असे. बाई खिडकीतून विचारत, "फाटक लावलंत का?" मास्तर म्हणत, "लावलं." कधीकधी अख्ख्या दिवसात त्यांच्या तोंडून निघालेला तेवढाच शब्द असे.

काम मात्र मिळत होतं. लोकांच्या दारात जाऊन गाडीवरचे ओरखडे बुजवायचे, रंग जुळवून द्यायचा. त्यासाठी गाडी हवीच. कॉम्प्रेसर काही खांद्यावर मारून नेता येत नाही. आणि परराज्यातली गाडी ठरावीक मुदतीपलीकडे जुन्या नंबराच्या पाटीवर चालवता येत नव्हती. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

त्या मंगळवारी कार्यालयात लायसनचं काम चटकन झालं. फोटो, अंगठा, भिंतीवरची अक्षरं. खिडकीतल्या माणसाने जुन्या लायसनला पंचने भोक पाडलं आणि ते ट्रेमध्ये टाकलं. "नवं पोस्टाने येईल. गाडी मागे न्या."

मागे तपासनीस बाई होत्या. वय चाळिशीचं, कानामागे पेन्सिल. त्यांचं काम असं की नंबरावर कागदाची पट्टी धरायची, पेन्सिल आडवी घासायची आणि उमटलेला ठसा अर्जाला चिकटवायचा. त्यांनी बॉनेटखाली वाकून पट्टी धरली. पेन्सिल घासली. कागद नुसता करडा झाला.

"नंबर कुठाय?"

"तिथेच आहे." मास्तरांनी बोट ठेवलं आणि त्यांच्या बोटाखाली गुळगुळीत पांढरा रंग लागला. चौतीस वर्षांचा हात. त्याला लगेच कळलं.

"काय आहे हे?"

"रंग."

"किती?"

"असतील दहा-अकरा हात."

"दहा-अकरा!" बाई सरळ उभ्या राहिल्या. "घराला देतात का एवढा? खाली नंबर आहे हे मी कशावरून मानायचं?"

"मी पेंटर आहे हो."

"म्हणून तर विचारतेय."

रांगेतला एकजण हसला. मास्तरांना हसू आलं नाही. बाईंनी अर्जावर शेरा मारला आणि आवाज थोडा खाली आणला. "पुढच्या मंगळवारपर्यंत नंबर मोकळा करून आणा. पण कानस लावू नका, ग्राइंडर लावू नका. एक जरी आकडा खरवडलेला दिसला तर खाडाखोड म्हणून धरतात. मग गाडी इथेच ठेवून घ्यावी लागते. तिकडे बघा." आवाराच्या कोपऱ्यात पाच-सहा गाड्या चाकं बसलेल्या अवस्थेत उभ्या होत्या. एकीच्या छपरावर गवत उगवलं होतं.

घरी येऊन मास्तरांनी मुलीला फोन केला.

"स्वतःच्या गाडीला टेप लावली नाहीत? तुम्ही?"

"आपली गाडी कोण बघायला येणार होतं."

"बाबा, विकून टाका ना ती. तेवीस वर्षांची झाली."

"नंबर नसलेली गाडी घेणार कोण? तू घेतेस?"

ती हसली, मागे कुणीतरी तिला हाक मारली, आणि "रविवारी करते" म्हणून तिने फोन ठेवला.

रंगाच्या थरांचं कारण साधं होतं. वर्कशॉपमध्ये मोठं काम झालं की डब्याच्या तळाशी रंग उरे. मालक म्हणे, ने घरी. मास्तर रविवारी आपल्या गाडीला तो देऊन टाकत. आठवडाभर लोकांच्या गाड्यांना टेप लावलेली, रविवारी कंटाळा येई. गाडी दर दोन वर्षांनी रंग बदले. पत्नी तिला 'उष्टी' म्हणायची. "कुणाच्या पानात काय उरलंय ते हिच्या अंगावर," असं ती शेजारणींना सांगायची. उष्टी आली, उष्टी गेली. गल्लीत तेच नाव पडलं. या शहरात ते नाव ठाऊक असलेलं कुणी नव्हतं.

बुधवारी सकाळी त्यांनी काम काढलं. रंग फुगवणारं द्रावण चपट्या ब्रशने लावायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, वर आलेला रंग लाकडी चिपेने उचलायचा, थिनरच्या फडक्याने पुसायचं. घाई केली तर लोखंडाला इजा. दिवसाला दोनच थर निघत होते. वरचा पांढरा थर दुधाच्या गाड्यांचा. त्याखाली गडद निळा, एका बँक मॅनेजरचा. राखाडी. मग स्कूलबसचा पिवळा. तो दिला तेव्हा मुलगी दहावीत होती आणि 'मला शाळेपासून लांब सोडा' म्हणून रडली होती. पिवळ्याच्या खालचा हिरवा निघायला अख्खी दुपार लागली.

निळा आणि राखाडी यांच्यामध्ये एक पातळ तपकिरी पापुद्रा होता. मास्तरांनी तो नखाने उचलून उजेडात धरला. रंग नव्हता. धूळ आणि तेल बसून झालेला थर होता. पत्नी आजारी होती ती तीन वर्षं गाडी नुसती दवाखान्यात जात होती, आणि नंतर राखाडीवर निळा देताना त्यांनी खालचं पुसूनही घेतलं नव्हतं. त्यांनी पापुद्रा फडक्याला पुसला आणि द्रावणाचा पुढचा हात दिला.

रविवारी मुलीचा फोन आला नाही. संध्याकाळी संदेश आला: 'कामात अडकलेय, उद्या.' त्याच दिवशी आकडे दिसायला लागले. एकूण सतरा अक्षरं-आकडे. पंधरा स्वच्छ होते. शेवटच्या दोनांत गंजाची खळगी पडल्यामुळे त्यांनी कधीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून टाकली होती. ती दगडासारखी झालेली. द्रावणाने ती हलेना.

सोमवारी त्यांनी पुढच्या घराची खिडकी वाजवली.

"सुई आहे का हो?"

"बटण तुटलं?"

"नाही. गाडीची."

घरमालकीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आत गेल्या आणि सुयांचं अख्खं पाकीट घेऊन चपला घालून शेडपर्यंत आल्या. मास्तर वाकून सुईच्या टोकाने लांबीचा कण कण सोडवू लागले. बाईंनी बॅटरी धरली. दुसऱ्या हाताने नोंदणीचं पुस्तक चष्म्याजवळ नेलं.

"शेवटी चार आणि सात लिहिलंय."

"थांबा, सांगू नका. आधी मला दिसू दे."

"परीक्षा आहे का?"

"तसंच समजा. मनात असलं की तेच दिसतं."

अर्ध्या तासाने चार निघाला. सातचा वरचा दांडा निघाला, खालचा पाय गंजाने अर्धा खाल्लेला होता. मास्तर ताठ झाले तेव्हा कमरेतून कळ गेली. तीन सुया मोडल्या होत्या. बाई म्हणाल्या, "सातच आहे तो. आणखी काय असणार?" मग बॅटरी बंद करून, पाकीट घेऊन त्या निघाल्या. फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "उद्या काय झालं ते सांगा." आणि त्यांनी स्वतःच फाटक लावलं.

मंगळवारी तपासनीस बाईंनी आधी भिंग लावलं. शेवटच्या आकड्यावर त्या इतका वेळ थांबल्या की मास्तरांनी आवारातल्या गवत उगवलेल्या गाडीकडे पाहायचं टाळलं.

"घासलंय?"

"सुईने लांबी काढलीय. गंज आहे तो. घासल्याच्या रेघा समांतर येतात, बघा, इथे रेघच नाही."

बाईंनी बोट फिरवलं. मग पट्टी धरून पेन्सिल आडवी घासली. सतरा खुणा पांढऱ्यावर उमटल्या. शेवटची पुसट, पण एका पायावर उभी. बाईंनी पट्टी चिकटवली, सही केली.

"आता टेप लावून रंगवा."

"आता रंगवतच नाही."

जुन्या पाट्या तिथेच काढून द्यायच्या होत्या. मास्तरांनी स्वतः स्क्रू काढले. शिपायाने पाट्या पिंपात टाकल्या. पिंपात आणखी बऱ्याच होत्या. नव्या पाट्या बसवून ते घरी आले आणि खिडकीपाशी जाऊन सांगितलं, "झालं." बाई म्हणाल्या, "बरं झालं."

दहाएक दिवसांनी पेट्रोल पंपावर हवा भरायच्या रांगेत मास्तरांच्या पुढे एक लाल गाडी होती. पाटीवर त्यांच्या जुन्या राज्याची अक्षरं. ते उतरले, शर्ट नीट केला आणि तिच्या खिडकीपाशी गेले.

"आपल्याकडचे का?"

आतल्या माणसाने आरशातून मागे उभ्या मास्तरांच्या गाडीची नवी पाटी वाचली. "मी तिकडचा. तुम्ही इथलेच ना? बरं झालं भेटलात. ते परिवहन कार्यालय कुठे आहे हो? मला नंबर बदलून घ्यायचाय."

मीही तिकडचाच, हे मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण त्या माणसाला हवा होता तो रस्ता, आणि मागच्याने हॉर्नही दिला.

"दुसऱ्या सिग्नलला डावीकडे," ते म्हणाले. "पुढच्या खिडकीत लायसन, गाडी मागच्या आवारात. अकराच्या आत जा, मग गर्दी होते. आणि जाण्याआधी बॉनेट उघडून चॅसी नंबर दिसतोय का, ते बघून घ्या."

"तुम्हाला बरीच माहिती आहे."

"राहतो ना इथे," मास्तर म्हणाले.

लाल गाडी हवा भरून निघून गेली. मास्तरांनी आपली गाडी पुढे घेतली आणि चाकाच्या वाल्व्हचं टोपण काढायला खाली बसले.