वाढलेल्या भाकरी

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. माहेर तासगावकडचं, सासर रहिमतपूरजवळ. नवरा लष्करात. लग्नानंतर पंधरा दिवसांनी त्याची रजा संपली आणि घरात राहिलो सासूबाई, सासरे, मी आणि दोन कुत्री.

सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीतून त्यांनी दोन सवयी आणल्या होत्या. पहाटे उठून दाढी करायची आणि संध्याकाळी जेवण झालं की कुत्री साखळीला लावून फिरवायची. आमच्याकडे कुत्र्याला कुणी फिरवत नाही, कुत्रं आपलं आपण फिरतं. त्यामुळे सासरे एसटीच्या थांब्याकडे निघाले की ओट्यावरची माणसं गालातल्या गालात हसत. कुत्री गावठीच, पण सासरे त्यांच्याशी हिंदीत बोलत आणि ‘बैठ’ म्हटलं की ती बसत. माणसांशी मात्र सासऱ्यांचं बोलणं बेताचंच.

मला येऊन महिना होतोय तोच नणंदेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी सासूबाई कराडला गेल्या. चूल माझ्या एकटीच्या हाती आली. जळण महाग, म्हणून घरात एकदाच, सकाळी, रांधायची पद्धत. सकाळच्या भाकरी, सकाळचीच आमटी, रात्री तेवढी कोमट करून घ्यायची. मी मोजून भाकरी करी. धान्याची नासाडी केली असं नव्या सुनेबद्दल कुणी म्हणू नये, एवढाच हेतू. संध्याकाळी सासऱ्यांचं जेवण झालं की टोपल्यात दोन भाकरी राहत, त्या माझ्या.

पहिल्याच संध्याकाळी हात धुऊन त्यांनी साखळ्या खुंटीवरून काढल्या आणि विचारलं, भाकरी आहेत का? कुत्र्यांसाठी विचारतात हे मला कळलं. आता माझ्या माहेरी ‘संपलं’ हा शब्द स्वयंपाकघरात चालत नसे. तेल संपलं तर तेल वाढलं म्हणायचं, तांदूळ संपले तर तांदूळ वाढले. भरल्या घरात नाट लागायला नको. मी पदर सावरून म्हटलं, “वाढल्यात.”

“मग आण इकडं,” ते म्हणाले.

मी नेऊन दिल्या. काय करणार? सासऱ्यांनी मागितल्यावर नाही म्हणायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगणात भाकरी कुस्करत होते आणि मी आतून बघत होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रोज ते विचारत, रोज मी वाढल्यात म्हणे, रोज माझ्या भाकरी कुत्र्यांपुढे जात. मी उरलेली आमटी वाटीने पिई, मूठभर शेंगा आणि गुळाचा खडा खाऊन आडवी होई. चौथ्या दिवशी दोन भाकरी फडताळात लपवायचा विचार आला होता, पण आपल्याच घरात चोरी करायची लाज वाटली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

भुकेचं एवढं नव्हतं. या घरात सुनेच्या आधी कुत्र्यांचा नंबर लागतो, हे मनाला लागलं होतं. सासऱ्यांचा मला संताप येई. मधे एकदा त्यांचा गुडघा सुजला आणि साखळ्या माझ्या हाती आल्या. डोक्यावरचा पदर धरू की कुत्री, अशी माझी गत. कुत्र्यांनी मला पार थांब्यापर्यंत ओढत नेलं. माझ्याच भाकरी खाऊन अंगात आलेलं बळ ते.

तीन आठवड्यांनी सासूबाई परतल्या. त्या संध्याकाळी दोघांची जेवणं झाली आणि सासऱ्यांनी साखळ्या काढल्या. बायको परत आल्यामुळे ते खुशीत होते. सून हाताची सढळ आहे, रोज दोन भाकरी वाढतात, कुत्री बघ कशी झालीत, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई कुत्र्यांकडे न बघता माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

“वाढत्यात म्हनून कोन सांगतं?” त्यांनी विचारलं.

“तीच की. रोज इच्यारतो, रोज सांगती.”

सासूबाई म्हणाल्या, “आवं, बायका वाढल्या म्हनत्यात तवा संपल्या म्हंजी. त्या तिच्या वाटनीच्या व्हत्या.”

वीस-बावीस वर्षं पलटणीच्या लंगरमध्ये जेवलेल्या माणसाला चुलीपुढचे शब्द कुठून ठाऊक असणार? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. सासरे साखळ्या धरून तसेच उभे होते. म्हणाले, “मला सांगायचं न्हाई व्हय, पोरी?”

“रोज सांगतच व्हते की,” मी म्हटलं. “मला वाटलं, कळूनच मागताय तुमी.”

त्यांनी साखळ्या खुंटीला लावल्या. स्वतःच्या हाताने कधी पाण्याचा तांब्या न भरून घेणारा तो माणूस आत आला, ताट घेतलं, टोपल्यातल्या दोन्ही भाकरी त्यात ठेवल्या आणि माझ्यापुढे सरकवून समोर बसला. मला रडू येत होतं आणि भूकही लागली होती. मी दोन्ही एकदमच केलं. बाहेर कुत्री दारावर पंजे मारून भुंकायला लागली, तशी सासऱ्यांनी उठून दाराला आतून कडी घातली.