सातही वारांचे उपास

ती घटना आजही आठवते, असं आम्ही निवृत्त माणसं उठसूट म्हणतो. खरं सांगायचं तर नोकरीतल्या बहुतेक घटना मी विसरलो. ही विसरता आली नाही, कारण हिच्यात चूक माझी होती.

मी तेव्हा वाराणसीत, घाटांच्या हद्दीतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. एका बुधवारी सकाळी खबऱ्याने मोबाइलवर अकरा सेकंदांची चित्रफीत पाठवली. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर एक मुलगा एका मुलीला मनगट धरून खेचतोय आणि ती हात सोडवू पाहतेय. मुलीला मी ओळखलं. दूधविनायक मोहल्ल्यातल्या पौरोहित्य करणाऱ्या मराठी घरातली, पंधरा वर्षांची. मुलालाही ओळखलं. सोळाचा, मल्लाहाचा, म्हणजे नावाड्यांच्या वस्तीतला. मारामारीपायी दोनदा आमच्या रजिस्टरात आलेला. मी तपास मनातल्या मनात तिथेच संपवून टाकला.

दहा वाजेपर्यंत मुलीला घेऊन तिची आई, आजोबा आणि निम्मी गल्ली ठाण्यात हजर. आजोबा मला म्हणाले, "तू आपल्यातला, म्हणून सांगतो. पोरगी इतकी सीधी, की कधी उलटून जवाब देत नाही. या वयात सगळे उपास करते. त्या पोराला सोडू नकोस." मी मान डोलावली.

मुलगा अल्पवयीन. त्यामुळे कोठडी नाही, आमच्या अंगावर वर्दी नाही. बाल कल्याण अधिकारी आणि त्याची आई समोर बसवून विचारपूस. पहिल्याच प्रश्नाला त्याने टेबलावरचा ग्लास उडवला.

"हम कुछ नहीं किए हैं. बताएँगे तो मानिएगा? आप तो पहले ही लिख चुके हैं."

खोटं नव्हतं ते. अपहरणाच्या प्रयत्नाचा कागद अर्धा भरून माझ्यासमोर पडला होता.

पलीकडच्या खोलीत महिला कॉन्स्टेबल मुलीजवळ बसली होती. चहा-बिस्किटं पुढे केली तर मुलगी एवढंच म्हणाली, "उपास आहे." ही कॉन्स्टेबल स्वतः व्रतांची पक्की, ड्युटी लागली की आधी एकादशी कधी ते बघणारी. ती बाहेर येऊन हळूच म्हणाली, "सर, आज कौन-सा व्रत है? आज तो कुछ भी नहीं है."

मी मुलीच्या आईला बाजूला घेतलं. "वहिनी, आज कसला उपास?"

"बुधवार तिने नवीन धरलाय, दादा."

"आणि काल?"

"मंगळवार गणपतीचा. सोमवार तर लहानपणापासून आहे. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा..." ती बोटांवर मोजत होती. रविवारपाशी बोट थांबलं. "रविवारी सूर्याचा म्हणते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "पण फराळाचा डबा देते ना मी! घाटावर बसून खाते. डबा रोज रिकामा येतो."

मी मुलाकडे परत गेलो. या वेळी टेबल सोडून त्याच्या शेजारी बसलो आणि फक्त डब्याचं विचारलं.

"मछलियों को डाल देती है, साहब. रोज. हम समझे पुन्न कमा रही है. फिर देखे कि दीवार पकड़-पकड़ के सीढ़ी चढ़ती है. आज पानी में उतरी तो रुकी ही नहीं. हम आवाज दिए, नहीं सुनी. तब खींच लिए."

मी चित्रफीत पुन्हा लावली. मुलीचे कपडे छातीपर्यंत भिजलेले होते, मुलाचेही. घाटावर ओल्या कपड्यांचं कोणाला काही वाटत नाही, पण मला वाटायला हवं होतं. पगार त्याचाच घेत होतो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुपारी मुलगी कॉन्स्टेबलजवळ बोलली. "घरात रडलं की कारण विचारतात. मला कारण सांगता येत नाही. उपास केला की कोणी काही विचारत नाही."

हे ऐकून आजोबा बाकावर टेकले. मग म्हणाले, "आम्ही तिचं कौतुक करत होतो रे."

अर्धा भरलेला कागद मी रद्द केला, मुलीला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं. तिला सावरायला वर्ष लागलं. आता ती कॉलेजात जाते आणि दोन वेळा जेवते.

त्या केसने मला शिकवलं ते साधं आहे. या वयातलं दुःख ज्या घरात जशी मुभा असेल तसं बाहेर पडतं. आमच्या गल्लीत आवाज चढवायची सोय नव्हती, म्हणून पोरीने ताट बाजूला सारलं आणि आम्ही तिला शाबासकी दिली. मल्लाहांच्या वस्तीतल्या पोराने हात उगारला आणि आम्ही त्याची नोंद केली. जात-वस्ती बघून मी एकाला गुंड आणि दुसरीला गुणी ठरवलं होतं. काय होतंय, असं दोघांनाही कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी डॉक्टरांना घडलेलं सांगायला मुलालाही मी सोबत नेलं होतं. मुलगी आत गेली, तिची आई बाहेरच्या बाकावर बसली. मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"साहब, इसमें नाम कैसे लिखाते हैं?"

"किसका?"

"हमारा. बाबू के जाने के बाद से नींद नहीं आती. सब पर हाथ उठ जाता है."

बाप वर्षभरापूर्वी गेला होता. दोन्ही मारामाऱ्या त्यानंतरच्या. तारखा माझ्याच रजिस्टरात होत्या.

नावनोंदणीच्या खिडकीपाशी जाऊन मी त्याची पर्ची केली. त्याचं नाव मी आधी दोनदा रजिस्टरात लिहिलं होतं, दोन्ही वेळा आरोपी म्हणून. या खेपेला वर 'रुग्ण' छापलेलं होतं. पर्ची घेऊन तो भिंतीला टेकून उभा राहिला. मुलीच्या आईने त्याच्याकडे पाहिलं, पदर आवरला आणि बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.